वाट बघण्याच्या आणि मरणाच्या कविता कशा उलगडायच्या (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

कविता आवडते, वाचताना आत कुठेतरी हलतं पण, आणि मग कोणी म्हणतं की आता हिचं रसग्रहण लिही, की डोकं एकदम रिकामं. असं होणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यातही विषय मरणाचा आणि अपेक्षेचा असला की अजून गोची होते, कारण मरण म्हटलं की आपण लगेच "कवीने जीवनाची क्षणभंगुरता सांगितली आहे" लिहून मोकळे होतो, आणि ते वाक्य मरणावरच्या कुठल्याही कवितेला चिकटतं. मी पण कॉलेजात हेच केलंय. अलंकारांची लिस्ट, प्रत्येकापुढे एक ओळ, खाली क्षणभंगुरता, मार्क पण मिळाले आणि कविता मात्र कळली नव्हती, ते बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अपेक्षा हा फक्त या कवितांचा विषय नसतो, ते त्यांचं हत्यार पण असतं. यमक काय करतं? पहिल्या ओळीत "हाय" आलं की तुमचा कान पुढच्या "काय"ची वाट बघायला लागतो. ध्रुवपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, दोनदा आलं की तिसऱ्यांदा येणार असं धरून चालता तुम्ही. म्हणजे कवितेतला माणूस ज्याची वाट बघतोय ती बघतोय, पण तुम्हालाही कवीने वाट बघायला बसवलेलं असतं. आणि मरण कवितेत बहुतेक वेळा तिथेच घडतं जिथे ही वाट मोडते. तेव्हा शोधायचं काय, तर कवीने मला कशाची सवय लावली आणि ती सवय कुठे तोडली, किंवा मुद्दाम तोडलीच नाही.

आधी नुसतं वाचा, मोठ्याने

पेन्सिल बाजूला. दोनदा मोठ्याने वाचायचं, घरात लोक असले तर पुटपुटत का होईना पण ओठ हलले पाहिजेत. जिथे श्वास अडतो, जिथे जीभ अडखळते, जिथे आपोआप हळू होता, त्या जागा लक्षात ठेवा. शब्द अडला तर अर्थ नंतर बघू. जुनी कविता असेल तर पाठ तेवढा तपासून घ्या, कारण एकच अभंग एका पुस्तकात "झाला" आणि दुसऱ्यात "जाला" असा छापलेला असतो. बाहेरच्या कवितांचंही तेच. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये गेली, आणि मृत्यू गाडी घेऊन तिला न्यायला थांबतो ती तिची प्रसिद्ध कविता १८९० मध्ये छापून आली, तर संपादकांनी एक कडवंच गाळलेलं होतं आणि वर स्वतःच्या मनाने शीर्षक दिलेलं. आता त्या छापील प्रतीवरून तुम्ही रचनेबद्दल लिहिलंत, तर अर्धं श्रेय संपादकांना जाणार.

कोण बोलतंय, कोणाशी, आणि मरण आधी झालंय की व्हायचंय

हे तीन प्रश्न कागदावर वर लिहून टाका. बोलणारा म्हणजे कवी नव्हे, हे तर सगळेच सांगतात, पण मरणाच्या कवितेत त्याचा खरा उपयोग होतो. बोलणारा मरणाऱ्याच्या बाजूला बसलाय, की मागे राहिलाय, की स्वतःच जाणार आहे, की चक्क मेल्यानंतर बोलतोय?

तुकोबांचं "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य" घ्या. स्वतःचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी, हे शक्यच नाही, आणि त्याला वर सोहळा म्हटलंय. याला विरोधाभास म्हणतात हे ठीक आहे, पण नुसतं नाव लिहून थांबू नका. "पाहिलें" हा भूतकाळ आहे. सगळं जग ज्याची धास्ती घेऊन भविष्याकडे बघतंय ती गोष्ट हा माणूस झालेली, संपलेली म्हणून सांगतोय. अपेक्षाच काढून टाकली, मग भीती कुठे उरणार. विरोधाभास कशासाठी वापरला याचं उत्तर त्या एका क्रियापदात मिळतं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण म्हणजे गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची "राजहंस माझा निजला". आई आहे, बाळ गेलंय, आणि ती ते मानायला तयार नाही. इथे वाचकाला जे माहीत आहे ते बोलणारीला माहीत नाही, किंवा माहीत करून घ्यायचं नाहीये. "निजला" हा शब्द बघा. आपण इतर वेळी मरणाला सौम्य करायला असलेच शब्द वापरतो, पण तिच्या तोंडी तो सौम्य केलेला शब्द नाहीच, तिला खरंच तसं म्हणायचंय, निजलेलं बाळ उठणार असतं ना. एकच शब्द तिच्यासाठी आशा आहे आणि आपल्यासाठी मरण. हे पकडता आलं की करुणरस वगैरे शब्द नाही वापरले तरी चालतं.

क्रियापदांखाली रेघ मारा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात, कारण व्याकरण म्हटलं की शाळा आठवते. पण अपेक्षा व्याकरणात कुठे राहते? काळात आणि अर्थात (अर्थ म्हणजे इथे आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे). येईल, येणार होता, आला असता, यावा, येतो म्हणाला. या प्रत्येकात वाट बघणं आहे आणि प्रत्येकाची जात वेगळी आहे. "येणार होता" यात अपेक्षा मोडून झालीय, "यावा" यात ती अजून हातात आहे, "आला असता" यात ती कधी जिवंतच नव्हती.

भा. रा. तांब्यांची (१८७३ ते १९४१) "जन पळभर म्हणतिल, हाय हाय" ही कविता उघडा आणि फक्त "-तिल"ने संपणारी क्रियापदं मोजा. म्हणतिल, तळपतिल, झळकतिल, वाहतिल, वर्षतिल, पिकतिल, पुसतिल, उठतिल, बसतिल... डझनाच्या वर जातात. सगळा भविष्यकाळ. माणूस स्वतःच्या मरणानंतरच्या जगाची कल्पना करतोय आणि त्या जगात सगळ्यांना क्रियापद मिळालंय, सूर्याला, चंद्राला, मेघांना, सोयऱ्यांना, फक्त त्याला नाही. त्याच्या वाट्याला फक्त "मी जातां" एवढंच. मग शेवटचं कडवं येतं आणि "-तिल" एकदम बंद होतं. तिथे कुढावे, गुंतावे, व्हावे. म्हणजे "काय होईल"वरून कविता "मी काय करावं"वर आली. अर्थाचं वळण आहे ते, आणि ते कवीने जाहीर केलेलं नाही, फक्त क्रियापदाचं रूप बदललंय. असं एक वळण सापडलं ना की अर्धं रसग्रहण झालं समजा.

मरणाला नाव दिलंय का

आता प्रतिमा. कविता मरणावर आहे असं वाटतंय, तर "मरण", "मृत्यू", "मेला" हे शब्द कवितेत कुठे आहेत ते शोधा. बऱ्याचदा कुठेच नसतात! मग मरण कोणाच्या वेषात आलंय ते बघायचं. पाहुणा, गाडीवान, झोप, प्रवास, रात्र, नवरा, घर. वेष सापडला की रूपक आहे की चेतनगुणोक्ती की प्रतीक यावर फार डोकं फोडू नका, साधारण असं धरा: एका गोष्टीला दुसरीच म्हटलं तर रूपक, निर्जीव गोष्ट माणसासारखी वागली तर चेतनगुणोक्ती, आणि वस्तू वस्तूच राहिली पण तिच्या मागे अजून काहीतरी उभं आहे असं वाटत राहिलं तर प्रतीक.

खरा प्रश्न हा की हाच वेष का. त्यासाठी एक सोपी टेस्ट आहे, वेष काढून टाका आणि साध्या शब्दात वाक्य लिहा, मग काय हरवलं ते बघा. तांब्यांचीच "नववधू प्रिया, मी बावरतें" घ्या. गाणं म्हणून लाखो लोकांनी ऐकलंय, बरेच जण लग्नातलं गाणंच समजतात, आणि तसंही ते ऐकता येतं. पण ती मरणाची कविता म्हणूनही वाचली जाते, सासरी निघालेली नवरी म्हणजे जीव. आता वेष काढा. "मला मरायची भीती वाटते." काय गेलं? ओढ गेली! नवरीला जायचंही आहे आणि पाय निघतही नाही, "लाजतें, पुढे सरतें, फिरतें". साध्या वाक्यात फक्त भीती उरते, रूपकात भीती आणि ओढ एकाच पावलात आहेत. मरणाची अपेक्षा म्हणजे नुसती धास्ती नसते, हे सांगायला नवरीपेक्षा चांगला वेष मिळणं कठीण होतं.

आणि याच कवितेत यमक काय करतंय ते बघा, ही माझी फार आवडती जागा आहे म्हणून जरा थांबतो. कडव्यांच्या शेवटी येणारे शब्द ओळीने लिहून काढा: बावरतें, फिरतें, गांगरतें, चरचरतें, परत फिरतें, थरथरतें. सगळी क्रियापदं, सगळी अस्थिर, एकही धड उभं राहू देत नाही. पाच कडव्यांत कानाला सवय लागते की आता अजून एक असंच थरथरणारं क्रियापद येणार. आणि शेवटी काय येतं, "खरे घर ते". आवाज तोच, र आणि ते, पण क्रियापद गायब, तिथे नाम आलंय, आणि नाम कुठलं तर घर. इतका वेळ जी कापत होती ती एका शब्दावर येऊन टेकली. यमक पाळलं आणि अपेक्षा मोडली, दोन्ही एकाच वेळी. हे मी कुठल्या गाइडमध्ये वाचलं नव्हतं, शब्द एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं, म्हणून सांगतो की लिहून काढा, नुसतं डोळ्यांनी बघून दिसत नाही.

वेष नेहमी मरणाचाच असतो असं नाही, वाट बघण्यालाही वेष असतो. "पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे" या ज्ञानदेवांच्या विराणीत, म्हणजे विरहाच्या गाण्यात, बाई कावळ्याशी बोलतेय. पंढरीराऊ, म्हणजे विठ्ठल, कधी येईल ते त्याला विचारतेय, पाय सोन्याने मढवीन म्हणतेय, एकामागून एक आमिषं. थेट ज्याची वाट बघतोय त्याच्याशी न बोलता तिसऱ्याशीच बोलणं, हे अपेक्षेच्या कवितेतलं जुनं आणि जबरदस्त टेक्निक आहे, कारण ज्याच्याशी बोलावं तो समोर नाही हेच त्यातून कळतं. शेवटपर्यंत बघा, पाहुणा कवितेत येतच नाही, शेवटचा शब्द पण शकुन सांगण्याचाच आहे. आणि एक गंमत, कावळा हाच पक्षी मरणाच्या कवितेत आला तर तो काय घेऊन येतो ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. म्हणून "कावळा हे अमुकचं प्रतीक" अशी पाठ केलेली डिक्शनरी वापरू नका. प्रतीकाचा अर्थ त्या कवितेत विचारायचा.

आता कानाने: मात्रा, लघु, गुरू

इथे लोक पळतात. पळू नका, दहा मिनिटांचं काम आहे. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघु, १ मात्रा. दीर्घ अक्षर म्हणजे गुरू, २ मात्रा. ऱ्हस्व अक्षराच्या पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे आला, तर ते ऱ्हस्वही २ धरायचं. अनुस्वार ठासून उच्चारला जात असेल तर तेही २. एवढ्यावर सुरुवातीला भागतं.

"जन पळभर"मधली ओळ मोजू. सूर्य तळपतिल, चंद्र झळकतिल. सू २, र्य १, मग त-ळ-प-ति-ल ५, झाल्या ८. चं २, द्र १, झ-ळ-क-ति-ल ५, परत ८. एकूण १६, मधोमध कापलेल्या. मेघ वर्षतिल, शेते पिकतिल, हे पण ८ आणि ८ येतं, स्वतः मोजून बघा, "वर्ष"मधला व २ धरायचा. सूर्यचंद्र आपला क्रम सोडत नाहीत असं सांगणारी ओळ स्वतःही क्रम सोडत नाही.

पण मोजून "१६ मात्रा आहेत" लिहिलं म्हणजे झालं असं नाही, ते फक्त माप झालं. गंमत आतल्या वाटपात आहे. सोयरे डोळे पुसतील त्या ओळीची सुरुवात बघा, सखेसोयरे डोळे, खे सो रे डो ळे, गुरूंवर गुरू, ओळ जड पावलांनी चालते. आणि मग त्याच कडव्यात येतं "उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल". मोजा. सोळाच्या सोळा अक्षरं लघु! एकही दीर्घ नाही. रडण्याच्या ओळीत वजन, आणि रडून झाल्यावर परत हसण्याच्या ओळीत वजन शून्य, ओळ अक्षरशः उड्या मारत जाते. लोक किती चटकन विसरतात हे कवी सांगत बसलेला नाही, ते तुमच्या जिभेला करायला लावलंय. मुद्दाम केलं की आपोआप झालं हा वाद नको, परिणाम होतोय हे नक्की.

त्याच कवितेचं यमक पण एकदा बघून घ्या. सुरुवातीला "राहिल कार्य काय?" यातलं काय म्हणजे प्रश्न. अगदी शेवटी "का जिरवु नये शांतीत काय?" यातलं काय म्हणजे काया, देह. शब्द तोच ऐकू येतो, प्रश्नाचं शरीर झालं. कविता प्रश्नाने सुरू झाली आणि तो प्रश्न शांतीत विरघळवून संपली.

अभंग असेल तर मात्रा नाही, अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४. आपुलें मरण ६, पाहिलें म्यां डोळां ६, तो जाला सोहळा ६, अनुपम्य ४. शेवटचा तुकडा आखूड, त्यामुळे त्याच्यावर येऊन थांबावंच लागतं. मुक्तछंद असेल तर मोजायचं काही नाही, तिथे ओळ कुठे तोडलीय ते बघा, वाक्य ओळीत संपतं की खालच्या ओळीत सांडतं, आणि सांडण्याआधीच्या त्या रिकाम्या जागेत तुम्ही क्षणभर काय धरून चालला होतात.

एक सराव करू

ही दहा ओळींची कविता मीच सरावासाठी जुळवलीय, थोर वगैरे नाही, पण चिरफाड करायला बरी.

दार लोटलंय, कडी घातली नाही
येशील म्हणून दिवा मालवला नाही
पायरी वाजली, वाटलं तूच
वारा होता, मी त्याला काही बोलले नाही

घड्याळाला तुझ्या किल्ली दिली नाही
उशीचा खळगा कुणी झटकला नाही
लोक येतात, बसतात, हळू बोलतात
निघताना कुणीच 'येतो' म्हणत नाही

रात्र सरली, कुणी काही विचारत नाही
मी उठते आहे. कडी घालते आहे.

आता वरच्या पायऱ्या लावू. कोण बोलतंय? बाई, "बोलले", "उठते"वरून कळतं. कोणाशी? "तू"शी, जो खोलीत नाही. मरण हा शब्द कुठे आहे? नाही. मग तो गेलाय हे कधी कळतं? पहिल्या कडव्यात तर ही साधी वाट बघण्याची कविता वाटते, कोणाला तरी उशीर झालाय. दुसऱ्यात घड्याळ बंद, उशीला खळगा तसाच, आता शंका येते. खात्री होते ती "येतो"वर. मराठीत निघताना आपण जातो नाही म्हणत, येतो म्हणतो, म्हणजे निरोपाच्या शब्दातच परत येण्याचं वचन बसलंय, आणि या घरातून निघताना तो शब्द कोणाच्या तोंडून निघत नाहीये. पहिल्या कडव्यात ती "येशील" म्हणतेय, दुसऱ्यात जग "येतो" म्हणायचं टाळतंय, एकाच धातूची दोन रूपं, मधे सगळी गोष्ट घडून गेली.

"नाही" मोजा, सात वेळा ओळीच्या शेवटी. पण सगळे नाही एकसारखे नाहीत. कडी घातली नाही, दिवा मालवला नाही, हे आशेचे नकार आहेत, न करण्यातून वाट बघणं. किल्ली दिली नाही, खळगा झटकला नाही, हे दुःखाचे, जपून ठेवण्याचे. शेवटचा "विचारत नाही" तर लोकांचा आहे, तिचा नाहीच. एकाच शब्दाचा अर्थ सरकत गेला. आणि मग शेवटच्या ओळीत कान आठव्या "नाही"ची वाट बघतोय तर येतं "आहे", दोनदा. नवशिके इथे पटकन लिहितात की शेवट आशावादी आहे, कारण नाहीचं आहे झालं! नीट बघा काय झालंय. होकारार्थी क्रियापद आलं ते कडी घालण्यासाठी, म्हणजे तिने वाट बघणं सोडलं. व्याकरण होकाराचं आणि कृती नकाराची. हा उलटा ताण हेच त्या शेवटाचं बळ.

तिसरी ओळ अर्धवट सोडलीय, "वाटलं तूच", पुढे "आलास" नाही. क्रियापद गाळलं, कारण येणं झालंच नाही. शेवटच्या ओळीत पूर्णविराम आहेत, बाकी नऊ ओळींत स्वल्पविरामांवर भागवलंय, तेही नोंदवा, छोटं असलं तरी. यात अनुप्रास पण एखादा सापडेल, सापडला तरी सोडून द्या, काही काम करत नसेल तर त्याला लिस्टमध्ये घालायची गरज नाही.

लिहायचं कसं

टेक्निकचं नाव, मग ओळ, मग तिचा परिणाम, असा पॅरा बहुतेक जण लिहितात आणि तो मेलेला वाटतो. उलट करा. आधी परिणाम, मग तो कशामुळे, नाव शेवटी आलं किंवा नाही आलं तरी चालेल. म्हणजे हे असं नको:

"या कवितेत 'नाही' या शब्दाची पुनरावृत्ती झाली आहे. त्यामुळे कवितेला लय प्राप्त झाली आहे."

लय प्राप्त झाली हे वाक्य दिसलं की मला राग येतो, लय कुठल्या पुनरावृत्तीने येत नाही? त्यापेक्षा असं:

"बाई वाट बघणं सोडते ते आपल्याला रडण्यातून नाही तर व्याकरणातून कळतं. सात ओळी 'नाही'वर संपल्यावर शेवटी 'आहे' येतं, पण ते येतं कडी घालण्याच्या कृतीला लागून, त्यामुळे कवितेतला पहिला होकार हाच निरोप ठरतो."

वाक्यं लांब आहेत पण दुसऱ्या कुठल्या कवितेला ती चिकटणार नाहीत.

नेहमीच्या चुका पटकन सांगतो. कवीच्या आयुष्यात कोण कधी वारलं ते शोधून कविता त्याच्यावर लावणं, हे शेवटी करा, आधी केलंत तर ओळी दिसायच्या बंद होतात. प्रत्येक रात्र, प्रत्येक संध्याकाळ, प्रत्येक पानगळ म्हणजे मरण धरणं, कधी कधी ती नुसती संध्याकाळ असते. आणि "कवीला असे सुचवायचे आहे की" हे शब्द, ते काढून टाकले तरी वाक्य उभं राहतं का बघा, बहुतेक वेळा जास्त ताठ उभं राहतं.

दोन कवितांची तुलना करायला सांगितली असेल तर विषयावरून करू नका, दोन्हीत मरण आहे हे परीक्षकाला माहितीये. एकच प्रश्न दोघींना विचारा, वाचकाला लावलेली सवय कुठे मोडते. "नववधू"त ती यमकाच्या आत मोडते, आवाज राखून शब्दाची जात बदलते, आणि कापणं थांबून घर येतं. "जन पळभर"मध्ये मात्रा शेवटपर्यंत तशाच चालू राहतात, काळ बदलतो पण चाल बदलत नाही, कारण म्हणणंच हे आहे की तुझ्यावाचून चाल मोडणार नाही. एकाच कवीच्या दोन कविता, दोन्ही मरणासमोर उभ्या, आणि एकीत मोडणं बोलतं तर दुसरीत न मोडणं. यावर तुमची दोन पानं आरामात होतील.

लिहून झालं की एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यातून कवितेचं नाव झाका आणि मरणावरची दुसरी कुठलीही कविता मनात धरून वाचा. जे वाक्य तिलाही बरोबर बसेल त्यावर काट मारा. पहिल्या वेळी अर्धं पान उडेल, माझं पाऊण उडालं होतं. जे उरतं तिथून परत लिहायला घ्या, आणि अडलात तर क्रियापदांकडे परत जा.